खटपट्या

दुपारचा चहा घेता घेता व्हॉट्सॲपवर मजकूर आला, आणि गोवर्धन उंबरकरच्या हातातला कप असा काही तिरपा झाला की निम्मा चहा कीबोर्डवर गेला. मजकूर तसा नेहमीचाच होता. अकोल्यात शेतकऱ्यांचा मेळावा, मान्यवरांची उपस्थिती, शाल-श्रीफळ, स्टेजमागे लावायला एक मोठा फ्लेक्स. असे मजकूर त्याच्या अमरावतीच्या दुकानात दिवसातून चार येतात. या मजकुरात खाली सत्कारमूर्तीचं नाव होतं : प्रयोगशील शेतकरी सौ. दामिनीताई अमोल उंबरकर, हिवरखेड. सोबत फोटो होता. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत संत्र्यांचं क्रेट, आणि फोटो काढणाऱ्यानं हसा म्हटल्यावर येतं तेवढंच हसू. ही त्याच्या धाकट्या भावाची, अमोलची बायको. मजकूर धाडणाऱ्या नितेशनं, म्हणजे मेळावा भरवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरीनं, शेवटी एक ओळ आपुलकीनं जोडली होती. "अमोलभाऊ म्हणाले बॅनर आमच्या दादाकडूनच करून घ्या." गोवर्धननं फडक्यानं कीबोर्ड पुसला. पुसता पुसता त्यानं ती ओळ पुन्हा वाचली आणि त्याला भावाचा राग आला. अमोलनं दुसऱ्या कुणाकडून बॅनर करून घेतला असता तरी राग आला असता, हे त्याला कळत होतं, पण त्यामुळे राग कमी झाला नाही.

प्रयोगशील हा शब्द त्याला नवा नव्हता. वीस वर्षं दुकान चालवताना त्यानं तो किती जणांच्या नावामागे लावला याला गणती नाही. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची घेणारा प्रयोगशील, कडकनाथ कोंबड्या पाळणारा प्रयोगशील, शाळेच्या भिंतीवर पाढे रंगवून घेणारा मुख्याध्यापक प्रयोगशील. एकदा एका केटरर्सच्या उद्घाटनाला ‘प्रयोगशील आचारी’ लिहून झालं होतं, कारण तो पंगतीत वांग्याच्या भाजीबरोबर नूडल्स वाढायचा. दुकानात बसून बसून गोवर्धनला या शब्दांची जात कळायला लागली होती. ज्याच्या नावामागे लावायला काहीच सापडत नाही तो समाजसेवक. ज्याच्याजवळ पैसा आहे तो दानशूर. आणि ज्यानं काहीतरी केलं म्हणतात, पण नेमकं काय ते बॅनर छापायला आलेल्यालाही सांगता येत नाही, तो प्रयोगशील. एवढ्या बॅनरांत त्यानं एक गोष्ट मात्र कधी छापली नव्हती. ज्याची मिरची वाळली, ज्याच्या कोंबड्या एका हप्त्यात मेल्या, त्याचा बॅनर त्याच्याकडे कधी आला नाही. एकदा मराठीचे एक प्राध्यापक स्वतःच्या कवितासंग्रहाच्या प्रकाशनाचा फ्लेक्स करायला आले होते. नावामागे प्रयोगशील कवी हवं होतं. छपाई होईपर्यंत बसले होते, तेव्हा गोवर्धननं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, याचा बराबर अर्थ काय होते?" सरांना तेच हवं होतं. त्यांनी सांगितलं, सहनशील म्हणजे सहन करणं हा ज्याचा स्वभाव, विचारशील म्हणजे विचार करणं हा ज्याचा स्वभाव, तसा प्रयोग करून पाहणं हा ज्याचा स्वभाव तो प्रयोगशील. "आन तो जमला नाई तं?" "जमण्या-न जमण्याचा यात संबंधच नाही," सर म्हणाले, "स्वभावाशी मतलब." सर गेले, पण ते वाक्य दुकानातच राहिलं. त्या अर्थानं पाहिलं तर तो शब्द उंबरकरांच्या घरात सगळ्यात आधी कोणाचा होता? गोवर्धनचा. पण त्या वेळी घरात आणि गावात त्याच्यासाठी दुसराच शब्द वापरात होता.

तो शब्द होता खटपट्या. त्याचा बाप चंद्रभान तो शब्द असा उच्चारायचा की त्यातल्या ट-ला शेणाचा वास यावा. "अबे खटपट्या, झाडायच्या मुया काहून उकरून राहिला?" गोवर्धन तेव्हा तेविशीचा होता आणि त्याला फार गोष्टी कळून राहिल्या होत्या. संत्र्याच्या झाडाला भरपूर फूल यायला हवं असेल तर हिवाळ्यात त्याचं पाणी तोडतात. झाड तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल झाली की खत घालून पाणी सोडायचं, मग ते एकदम अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात, आणि सगळा मुलूख ते करतो. पण त्यांच्या विहिरीजवळच्या तुकड्यातली माती काळी, खोल. ती पाणी म्हणून सोडत नव्हती. वरून पाणी तोडलं तरी झाडाला खाली ओल मिळत राहायची, आणि दर साली त्या ओळी हिरव्यागार पानांनी भरलेल्या आणि फुलाविना उभ्या असायच्या. बाप म्हणायचा, जमीनच तशी आहे. गोवर्धनला तसं वाटत नव्हतं. त्यानं बुंध्याभोवती खड्डे केले, मुळं उघडी पाडली, बारीक मुळं विळ्यानं छाटली आणि त्यांना डिसेंबरचं वारं लागू दिलं. त्याला त्या दिवसांतला स्वतःचा हात अजून आठवायचा, नखांत काळी माती, मनगटावर छाटलेल्या मुळाचा कडवट वास, आणि पोटात एक आनंद, जो पुढे लग्नात झाला नाही आणि दुकानाच्या उद्घाटनातही झाला नाही. पानं वळली. शेजारी-पाजारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन पाहून जायचे, जिभा चावायचे. तो म्हणायचा, आणखी चार दिवस. मग एका सकाळी त्याला स्वतःलाच भीती वाटली आणि त्यानं मोटार सुरू करून खड्डे काठोकाठ भरले, दिवसभर भरले, दुसऱ्या दिवशीही भरले. फूल आलं नाही. शेंडे वाळत वाळत खाली आले. माघ संपता संपता बापानं गावातल्या चार माणसांसमोर त्या ओळींकडं बोट दाखवलं. "पाहा माह्या खटपट्याचं काम. तहानेनं मारली लेकरं." झाडांना बाप लेकरं म्हणायचा, आणि लेकरांना काय म्हणायचा ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात झाडं तोडली आणि त्या लाकडावर उंबरकरांचा स्वैपाक झाला. संत्र्याचं लाकूड जळताना मंद, गोडसर वास येतो. आई पार्वताबाई भाकरी टाकायची आणि तो वास घरभर भरायचा. गोवर्धनला भाकरी खाववेना. आखाड लागायच्या आधी तो अमरावतीला मामेभावाच्या दुकानात पाट्या रंगवायला आला. पाट्या गेल्या, फ्लेक्स आले, दुकान त्याचं झालं, पौर्णिमाशी लग्न झालं, दोन पोरी झाल्या. हिवरखेडला तो लग्नाला, मयताला, दिवाळीला जात राहिला. घराच्या मागच्या दारातून वावराची वाट दिसायची, त्या दारात तो कधी उभा राहिला नाही. बाप वारला तेव्हाही तो स्मशानातून सरळ घरी आला. घरात त्याच्यासमोर कोणी विहिरीजवळच्या तुकड्याचं नाव काढत नसे. आपल्याला बरं वाटावं म्हणून काढत नसतील हे त्याला समजायचं, आणि म्हणूनच त्याला बरं वाटत नसे.

मग अमोलचं लग्न झालं आणि दामिनी आली. ती आली तेव्हा तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, असं गोवर्धनचं मत होतं. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, उंबरकरांकडं भावसून डोक्यावर पदर घेते, त्याचं नाव घेत नाही आणि त्याच्याशी सरळ बोलत नाही. काही विचारायचं झालं तर नवऱ्याला किंवा भिंतीला विचारते. त्यामुळे इतक्या वर्षांत गोवर्धननं तिचा आवाज ऐकला तो बाजूनंच. "इचारा बरं त्यायले, भाजी वाढू का." एवढीच त्यांची ओळख. आणि त्याच बाईनं विहिरीजवळच्या त्याच तुकड्यात, जिथं त्याची झाडं गेली तिथं, मातीचे उंच बेड ओढून त्यावर संत्रा लावला आणि तो फुलवला. आधी कृषी पुरवणीत फोटो आला. मग यूट्यूबवर व्हिडिओ. गोवर्धननं ते व्हिडिओ दुकानात इअरफोन लावून पाहिले होते, एकेक किती वेळा ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती बेडवरून चालायची, पानं हातात घेऊन दाखवायची, आणि दर व्हिडिओत मुलाखत घेणारा तोच प्रश्न विचारायचा : ताई, हे तुम्ही शिकलात कुठून? दर वेळी गोवर्धनचा अंगठा आवाज वाढवायच्या बटणावर जायचा. ती दर वेळी म्हणायची, "घरचंच पाहून शिकले." बस. घरचंच. घरात भांडी होती, ढोरं होती, आजारी सासू होती. त्यात कुठंतरी आपणही असू, असं समजायला हरकत नव्हती. पण नाव घ्यायला हिचं काय जात होतं? त्याला हेवा वाटायचा. तो सरळ सरळ हेवाच होता आणि गोवर्धन स्वतःशी त्याला दुसरं नाव देत नव्हता. तिच्या संत्र्यांचा नाही, फोटोचाही तेवढा नाही. त्याला तिच्या नखांतल्या काळ्या मातीचा हेवा वाटायचा, जी व्हिडिओ थांबवून मोठा केला की स्पष्ट दिसायची.

या हेव्याला दर हिवाळ्यात खुराक मिळायचा. अमोल अकोटवरून येणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ संत्र्यांची पिशवी द्यायचा आणि फोन करायचा, "दादा, स्टँडवर जाऊन घेऊन घेजो." गोवर्धन जायचा, पिशवी घ्यायचा आणि ती घरी पोचू द्यायचा नाही. दोन ऑटोवाल्याला, चार गिऱ्हाइकांना, उरलेली दुकानासमोर चहाचा ठेला लावणाऱ्या बेबीताईला. पौर्णिमानं विचारलं तर सांगायचं, यंदा धाडली नाहीत. एक फोडसुद्धा त्यानं कधी तोंडात घातली नव्हती. तिच्या बागेतलं ते फळ घशाखाली उतरेल असं त्याला वाटत नव्हतं. गेल्याच हप्त्यात यंदाची पिशवी आली होती, तीही नेहमीपेक्षा लहान, आणि आतली संत्री बारकी, जाड सालीची, काही तर हिरवीच. "पाहा, चांगला माल व्यापाऱ्याले आन वेचनी आमाले," त्यानं बेबीताईला म्हटलं होतं. बेबीताईनं एक सोलून खाल्लं आणि मान डोलावली. ती काहीतरी बोलणार होती, पण गोवर्धन तोवर ठेल्यावरून उठून गेला होता.

आता तेच नाव त्याच्या स्क्रीनवर होतं. त्यानं मजकूर उचलून डिझाइनमध्ये टाकला. मागे फिकट पिवळा रंग, कडेला संत्र्याची फांदी, वर मंडळाचं नाव, मधोमध ती. मग त्यानं ओळ मोठी केली आणि प्रयोगशील हा शब्द दोन फुटांचा झाला. अक्षरांचे पाय, वेलांट्या, सगळं नीट होतं. त्यानं कर्सर शब्दावर नेला आणि शब्द निळा झाला. बाजूला मशीन चालू होतं, कुण्या नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स घर्रघर्र बाहेर येत होता. गोवर्धननं डिलीट दाबलं. इतकं सोपं होतं ते. शब्द गेला आणि ओळीत मोठी जागा उघडी पडली. उघडी जागा बरी दिसेना, म्हणून त्याला तिचं नाव मोठं करावं लागलं. दामिनीताई हे नाव ओढून ओढून त्या जागेभर पसरलं. म्हणजे शब्द काढून आपण तिला मोठंच केलं की, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं शब्द परत आणण्यासाठी हात उचलला. पण हात माउसपर्यंत गेला नाही. त्यानं प्रूफ नितेशला धाडलं. नितेशनं दोन मिनिटांत अंगठा दाखवला. लोक प्रूफ वाचत नाहीत, फोटोत डोळे उघडे आहेत का तेवढं पाहतात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. पौर्णिमानं मात्र पाहिलं. ती संध्याकाळी भाजी घेऊन परत जाताना दुकानात डोकावली, तेव्हा फ्लेक्स जमिनीवर वाळायला पसरला होता. "अगं बाई, आपली दामिनी!" ती म्हणाली आणि खाली वाकली. "हिच्या नावामागं काईच नाई लिवलं?" "जागा नोहती." पौर्णिमानं फ्लेक्सकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "जागा तं दिसून राहिली," ती म्हणाली, आणि पिशवीतून घरंगळलेला टमाटा उचलून निघून गेली.

मेळाव्याच्या दिवशी दोघं सकाळच्या बसनं निघाले. फ्लेक्सची गुंडाळी गोवर्धनच्या गुडघ्यांत उभी होती आणि तिला अजून शाईचा उग्र वास होता. बडनेरा गेलं. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, हरभरा घाट्यावर आला होता, कुठंकुठं वेचलेल्या पऱ्हाटीच्या काड्या. पौर्णिमा खिडकीला डोकं टेकून झोपली. गोवर्धन जागा होता आणि मनात तिला, म्हणजे दामिनीला, वेगवेगळ्या तऱ्हेनं पाडून पाहत होता. स्टेजवर तिला बोलता येणार नाही. बोलली तर अडखळेल. कोणीतरी उठून विचारेल की बाई, यात नवं काय? मग मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली, समोरच्या सीटवरच्या बाईनं संत्रं सोललं, सालीचा झोत हवेत उडाला, आणि तो वास नाकात जाताच त्याला एकदम आईची चूल आठवली, भाकरीच्या खाली जळणारं ते गोडसर लाकूड. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्याला दामिनीचा नाही, त्या तेविशीच्या पोराचा हेवा वाटतो. त्याला फूल येणार याची खात्री होती. अशी खात्री गोवर्धनला पुन्हा कशाचीच वाटली नाही. पण बस सुटली, वास गेला, आणि हेवा पुन्हा दामिनीवर येऊन बसला. तिथं तो सवयीनं बसायचा.

हॉलमध्ये फ्लेक्स त्यानं स्वतः बांधला. चारी कोपरे ओढून, सुरकुती न ठेवता. कामात तो कधी कसर करत नसे. अमोल आला, वाकून पाया पडला, "दादा, झकास झाला," म्हणाला आणि वाचण्याऐवजी फोटोकडंच पाहत राहिला. दामिनीनं लांबूनच पदर सावरून नमस्कार केला. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, पायात प्लास्टिकच्या चपला. गोवर्धन आणि पौर्णिमा तिसऱ्या रांगेत बसले. भाषणं झाली. मग नितेश माइकवर आला आणि मागे वळून बॅनर वाचू लागला, आणि त्याचा आवाज मध्येच थांबला. "प्रयोगशील..." तो हसला. "अरे, बॅनरवर प्रयोगशील राहूनच गेलं की. छापणाऱ्याची चूक आहे मंडळी, ताईंनी मोठ्या मनानं माफ करावं." लोक हसले. गोवर्धनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी पौर्णिमा समोर पाहत राहिली आणि तिनं मांडीवरची पर्स उगाच एकदा उघडून बंद केली.

दामिनीला माइक दिला तेव्हा तिनं तो तोंडाच्या फार जवळ धरला आणि तिचा श्वास आधी हॉलभर ऐकू आला. "ते चूक नाई," ती म्हणाली. "तो शब्द माह्या नावामागं लागत नाई. ज्यायनं बॅनर केला त्यायनं काढला असन, तं बराबर काढला." गोवर्धनला वाटलं, आता आपलं सगळं बाहेर येणार. त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "आमच्या त्या तुकड्यात पयले संत्रा होता. आमच्या भासऱ्यायनं त्याच्या मुया उघड्या केल्या होत्या, ताण बसावा म्हनून. सारी झाडं मेली. गाव म्हने तहानेनं मेली, मामंजीबी तेच म्हनत." इतकी माणसं, आणि त्यांच्यापुढं त्याची झाडं पुन्हा एकेक वाळू लागली. ती बोलत राहिली, आता माइक जरा लांब. "पन मी लग्न होऊन आली तवा तिथं एक झाड उभं होतं. इहीर खंदली तवाच्या मातीचा ढीग हाये, त्याच्यावर. त्याच्याबी मुया उघड्या केल्या होत्या, छाटल्याचे गाठे दिसतेत. मंग ते काहून नाई मेलं? मी दोन-तीन सालं त्या झाडाकडंच पाहत राहिली. ते हर साली भरून फुले. मंग मले समजलं. झाडं तहानेनं नाई मेली. मंग जे पानी भरलं, त्यानं मेली. कायी जमीन, पानी हटत नाई, छाटलेल्या मुया सडल्या. ढिगावरचं पानी उतरून गेलं म्हनून ते जगलं. मी बेड ओढले ते त्या ढिगाकडं पाहून. मी प्रयोग नाई केला. त्यायनं केला, मी पाह्यला." नितेश पुढं आला. "ताई, नाव सांगा ना त्यांचं." दामिनीनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि ती हसली, आणि हॉलमधल्या बायका सगळ्या एकदम हसल्या; भासऱ्याचं नाव ती कशी घेणार! शेवटी अमोलच पहिल्या रांगेतून ओरडला, "गोवर्धन चंद्रभान उंबरकर! हे काय, तिसऱ्या रांगेत बसले!"

त्याला उभं राहावं लागलं. माना वळल्या, टाळ्या झाल्या, नितेशनं माइकवर तो शब्द त्याच्या नावामागे लावला आणि दोनदा म्हटला. गोवर्धन हात जोडून उभा होता. वाट पाहिलेली गोष्ट मिळाली की माणसाला आनंद होतो म्हणतात. त्याला आत कुठंच आनंद सापडेना. तहानेनं नाही. पाण्यानं. त्या शेवटच्या सकाळी भिऊन मोटार सुरू केली नसती तर. किंवा भरून झाल्यावर एक वर्ष, एकच वर्ष तिथं थांबून पाहिलं असतं तर. एक झाड पुढच्या साली फुललं होतं आणि तो तेव्हा अमरावतीत कुणाच्या तरी किराणा दुकानाची पाटी रंगवत होता. बाप रोज त्या वाटेनं जायचा, त्यानंही ते फूल पाहिलं असेल आणि त्यातून काही घेतलं नसेल. पाहिलं ते हिनं. नावाचा शब्द हिनं सगळ्यांसमोर त्याच्या पदरात टाकला होता, आणि ते दोन-तीन सालांचं पाहणं स्वतःजवळ ठेवलं होतं. ते तिला देताही आलं नसतं. टाळ्या थांबल्या तेव्हा गोवर्धनला कळलं की आपल्याला अजूनही तिचा हेवाच वाटतो, आणि आता तो कुठल्याही बॅनरवरून काढता येणार नाही.

जेवणं उभ्यानं होती. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी आणि मठ्ठा. अमोल ताट घेऊन त्यांच्याजवळ आला, त्याच्या मागे दामिनी. गोवर्धन अमोलला काहीतरी विचारणार होता, पण तोंडातून शब्द निघाले ते सरळ तिच्याकडं पाहून निघाले.

"ते झाड अजून हाये का?"

दामिनी गोंधळली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. अमोलच्या तोंडात घास होता, त्यानं नुसतीच मान हलवली, बोल म्हणून. तिनं पदर पुढं ओढला आणि हातातल्या मठ्ठ्याच्या ग्लासाकडं पाहत उत्तर दिलं. "हाये. म्हातारं झालं आता. फळ बारकं देते."

"इकत नाई आमी त्याची संत्री," अमोल घास गिळून म्हणाला. "ही म्हने, ते झाड त्यायचं हाये, त्याचं फळ त्यायच्याकडंच गेलं पायजे. दरसाल तुले पिशवी येते नं दादा, ते त्याच झाडाची. मी म्हनतो फोन करून सांग, तं म्हने भासऱ्यायले कसा फोन करू. मी सांगतो म्हटलं तं म्हने नको, जुनं दुखनं निंगन."

गोवर्धनचा हात भातात तसाच राहिला. बेबीताई, ऑटोवाला, वाढदिवसाचा बॅनर न्यायला आलेला तो कोण पोट्टा. बारकी, जाड सालीची, काही हिरवी. पौर्णिमाच्या हातातलं ताटही थांबलं होतं.

"यंदा थोडकीच लागली होती," दामिनी म्हणाली. तिनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडं असं पहिल्यांदा पाहिलं. "होती तेवढी सगळी तुमालेच धाडली, आमी एकबी ठेवलं नाई. गोड होती का?"

"गोड होती," गोवर्धन म्हणाला. "लय गोड होती."

दामिनीचा चेहरा उजळला. ती पौर्णिमाकडं वळली. "ताई, तुमालेबी आवडली का?"

पौर्णिमानं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. मग तिनं ताटातली बुंदी उचलून दामिनीच्या ताटात घातली आणि म्हणाली, "तू जेव बरं आधी."